थांबायला सांगणारा डॉक्टर

नाकातून पिवळा-हिरवा शेंबूड यायला लागला की अँटिबायोटिक हवंच, असं मी वर्षानुवर्षं मानत होतो. वरणगावात बहुतेकांचं हेच मत. आयुध निर्माणीत खाडा परवडत नाही, केळीच्या बागेत पाण्याची पाळी चुकवता येत नाही. मग डॉक्टरांनी दोन दिवसांत उभं करणारी जालीम गोळी द्यावी, ही अपेक्षा.

माझं मत फिरलं ते आमच्या फॅमिली डॉक्टरांमुळे. गाल ठणकत होते, वाकलं की कपाळ जड व्हायचं. त्यांनी गालफडांवर आणि भुवयांवर अंगठ्याने दाबून पाहिलं, नाकात बॅटरी मारली आणि विचारलं, ‘‘किती दिवस झाले? मध्ये उतार पडून पुन्हा उलटलं का?’’ एक्स-रे नाही, अँटिबायोटिक नाही. वाफारा, उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि दुखलं तर पॅरासिटामॉल. मी नाराज झालो, तेव्हा त्यांनी बसवून समजावलं.

सायनसचा त्रास बहुतेकदा सर्दीच्या विषाणूंमुळेच होतो आणि त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. शेंबडाच्या रंगावरून जिवाणू आहेत की नाहीत, हे ठरत नाही. सर्दी झालेल्या शंभरांत जेमतेम एक-दोघांना जिवाणूंचा संसर्ग होतो. तो ओळखायला डॉक्टर दिवस मोजतात: १० दिवसांनंतरही उतार नाही, किंवा सुरुवातीपासून सलग ३-४ दिवस १०२ च्या वर ताप आणि सोबत पुवासारखा शेंबूड किंवा गालदुखी, किंवा बरं वाटू लागल्यावर दुखणं पुन्हा उलटलं, तर अँटिबायोटिकचा विचार. डोळ्याभोवती सूज, एकाचं दोन दिसणं, मान आखडणं, यात मात्र थांबायचं नाही. मधुमेह असेल तर जास्त जपायचं. २०२१ मध्ये मधुमेहींच्या सायनसमध्ये शिरलेली काळी बुरशी आपण पाहिली आहे.

मला पटलं ते हे: पूर्वी गोळीने बरं वाटायचं, पण सर्दी आपोआप उतरायच्या सुमारासच मी गोळी सुरू करायचो. विनाकारण घेतलेल्या अँटिबायोटिकने जिवाणू निर्ढावतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणातच या धोक्याचा इशारा दिला होता. गोळ्यांच्या पाकिटावरची उभी लाल रेघ तेच सांगते: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

आता थांबायला सांगणाऱ्या डॉक्टरांवर माझा जास्त विश्वास आहे. दवाखान्यात गेलात तर जालीम गोळी मागू नका. त्रास कधीपासून आहे, ताप किती, मध्ये उतार पडला का, एवढं नीट सांगा.