खार्तूमच्या मयतांची यादी

एप्रिल 2023च्या अखेरीस जेद्दाहच्या बंदराला आपल्या नौदलाची जहाजं लागत होती. सुदानमधून सुटलेले लोक पोर्ट सुदानपर्यंत शेकडो किलोमीटर बसने येऊन, तांबडा समुद्र ओलांडून उतरत होते. इथल्या भारतीय शाळेत त्यांची सोय केली होती. ‘ऑपरेशन कावेरी’त 3,862 जणांना सुदानबाहेर काढलं. एकेकाचं नाव यादीत होतं, याचा मला अभिमान आहे. पण शेवटचं विमान मायदेशी पोचलं आणि माझ्या गावाहून, साखऱ्याहून येणाऱ्या फोनवर सुदानचा विषयच निघेनासा झाला.

आमच्या इमारतीतल्या ओमदुरमानच्या गृहस्थांचं तसं नव्हतं. निळ्या आणि पांढऱ्या नाईलच्या संगमावर खार्तूम, बहरी आणि ओमदुरमान मिळून एकच शहर. 2021 मध्ये सैन्याचे बुरहान आणि निमलष्करी दलाचे हमेती या दोन सेनानींनी मिळून सत्ता बळकावली आणि 15 एप्रिल 2023ला तेच या शहरासाठी एकमेकांवर उठले. बहरीचं जलशुद्धीकरण केंद्र बंद पडलं, लोक गोळीबारातून नदीवर पाण्याला जाऊ लागले. दवाखाने बंद झाले. मयत कब्रस्तानापर्यंत नेणं जमेना, म्हणून माणसं अंगणात आणि मैदानात पुरली.

अशा मरणाची नोंद कोण करणार? लंडनच्या अभ्यासकांनी 2024 मध्ये अंदाज बांधला: पहिल्या चौदा महिन्यांत एकट्या खार्तूम राज्यात 61 हजारांहून अधिक मृत्यू, त्यांतले सुमारे 26 हजार हिंसाचारातले. नव्वद टक्क्यांहून अधिक मृत्यूंची कुठेच नोंद नव्हती.

आम्हा मराठवाड्याच्या माणसांना हे नवं नाही. आमचं साखरा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या परभणी जिल्ह्यात होतं. रझाकारीत लोकांनी काय भोगलं ते घरोघरी सांगितलं जातं. सप्टेंबर 1948च्या पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांची जी कत्तल झाली, तिच्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. केंद्राने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने संस्थानभर 27 ते 40 हजार बळींचा अंदाज दिला, आणि तो अहवाल कित्येक दशकं दडपून ठेवला गेला. मराठवाडा मुक्तिदिनाचं, 17 सप्टेंबरचं झेंडावंदन व्हायलाच हवं. त्याच दिवशी हा आकडाही शाळेत सांगायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

तिकडे सुदानात मार्च 2025 मध्ये बुरहानच्या सैन्याने राष्ट्राध्यक्षांचा वाडा आणि खार्तूम परत घेतलं. त्यानंतर अंगणातले मृतदेह उकरून कब्रस्तानात नेणं सुरू झालं. आमचे ओमदुरमानचे शेजारी रोज रात्री आपल्या तिथल्या गल्लीतल्या माणसांना फोन लावतात आणि उतरवून घेतात: नाव, वडलांचं नाव, कधी गेला, कशाने गेला, कुठे पुरला, कुणी पाहिलं. त्यांचा थोरला भाऊ साखरेच्या आजाराने, इन्शुलिन न मिळाल्याने गेला. त्याला गोळी लागली नव्हती, म्हणून तो युद्धात मेला असं लिहायला कुणी तयार नाही. त्यांनी यादीत त्याचं नाव पहिलं घातलं आहे आणि कारणाच्या रकान्यात ‘युद्ध’ असं लिहिलं आहे.