यू नसलेला क्यू

आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. मागचं आवरलं की सातलाच संध्याकाळ मोकळी. सुट्टीला बेंगळुरूहून नात आली की हा सगळा वेळ स्क्रॅबलला जातो. इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्या पटावर जोडून शब्द करायचे, प्रत्येक अक्षराचे गुण ठरलेले. १०० सोंगट्यांत क्यू एकच आणि त्याला १० गुण.

मी बेळगावात मराठी शाळेत शिकले. इंग्रजी पाचवीपासून. माझी धाव कॅट, रॅट, फार तर मिल्कपर्यंत. क्यूची तर मला धास्तीच होती. आमच्या बाईंनी पक्कं करून घेतलेलं, क्यूच्या मागोमाग यू यायचाच. क्वीन, क्विक, क्वेश्चन. हातात क्यू आला आणि यू आला नाही, तर तो क्यू शेवटपर्यंत समोर बसून राहायचा आणि डाव संपला की १० गुण कापून न्यायचा.

एका संध्याकाळी नातीनं क्यूपुढे नुसता आय ठेवला आणि हात झटकले.

"याचा अर्थ काय गं?"

"अर्थ कशाला पाहिजे आजी? यादीत शब्द आहे, बस की!"

तिनं यू नसलेल्या क्यूच्या शब्दांची यादीच घोकली होती, अर्थाविना. मला राग आला. बोलणार होते, पण लहानपणी मी भक्तामराचे ४८ श्लोक पाठ केले ते तरी कुठे अर्थ कळून? गप्प बसले आणि शब्दकोश काढून आणला.

चष्मा लावून दोघी शोधू लागलो. क्यू-आय हा शब्द चिनी, अंगात वाहणारी प्राणशक्ती. क्यू-ए-टी म्हणजे येमेनमधले लोक गालात धरून चघळतात तो पाला. इथवर ठीक. पुढचा होता क्यू-ए-डी-आय. नात "कादी" म्हणाली. मी अर्थ वाचला, मुसलमानी कायद्याप्रमाणे न्याय देणारा.

"अगं, हा तर काझी!"

मग मी यादी तिच्या हातातून ओढूनच घेतली. एफ-ए-क्यू-आय-आर, फकीर. दर गुरुवारी मोरपिसं घेऊन आमच्या माहेरच्या दारात यायचा, आई त्याला ओंजळभर जोंधळे घालायची. क्यू-ओ-आर-एम-ए, कोर्मा, दुपारीच केलेला, कांदा-लसूण न घालता! डब्ल्यू-ए-क्यू-एफ, वक्फ. आमच्या शेताला लागून दर्ग्याची जमीन होती, वडिलांच्या तोंडी हा शब्द सतत असायचा.

अरबीत दोन क आहेत. त्यातला घशातून खोल काढायचा तो इंग्रजीत लिहिताना क्यू होतो, आणि त्याला यूची सोबत लागत नाही. आपल्या मराठीत दोन्हींचा एकच क झाला, म्हणून कळत नाही. किल्ला, कुलूप, कलम, सगळे तिकडूनच आलेले. नातीला शब्द येत होते, अर्थ नव्हते. मला अर्थ येत होते, ते इंग्रजीच्या कोशात जाऊन बसलेत हे ठाऊक नव्हतं.

एकदा फजितीही झाली. क्यू-ए-एन-ए-टी बघून मी ठोकून दिलं, "मांडवाची कनात!" कोशात निघाला पाणी वाहून नेणारा जमिनीखालचा बोगदा. बिदरला बहमनी काळातले आहेत तसले. नात हसून लोळली. हसू दे.

एक जुनी गोष्ट सांगते. मुलगा सहावीत असताना मी त्याच्या इंग्रजी शाळेत पालकसभेला गेले होते. बाईंनी काहीतरी विचारलं, मी "यस" म्हटलं. "नो" म्हणायला पाहिजे होतं. सगळे हसले. घरी येताना रिक्षात तो बाहेर बघत म्हणाला, "आई, पुढच्या वेळी बाबांनाच पाठव." लहान होता, त्याचं काय चुकलं? पण मी परत त्या शाळेची पायरी चढले नाही.

आता तोच मुलगा लेकीला न्यायला आला. संध्याकाळी पटाशेजारी मोबाईल बघत बसला होता. माझ्याकडे क्यू होता, यू नव्हता. पटावर एक ए रिकामा दिसला. मी त्याच्याआधी डब्ल्यू, नंतर क्यू आणि एफ ठेवला.

"आई, असा शब्द नसतो."

"बघ की कोशात."

त्यानं बघितलं. बराच वेळ बघत राहिला. नात म्हणाली, "बाबा, १९ गुण. लिहा."

त्यानं लिहिले. मग कोश मिटून मला म्हणाला, "वक्फ म्हणजे नेमकं काय गं, आई?"

मी त्याला शेताच्या बांधापासून सांगायला सुरुवात केली.