उभ्याउभ्या

बोरगावात कुणाच्याही फाटकाशी जरा रेंगाळलात की आतून हाक येते, "बसा ना जी!" प्लास्टिकची खुर्ची बाहेर येते, तिच्यावरून हात फिरवून धूळ झटकली जाते, पाठोपाठ पाण्याचा पेला. या खुर्चीची मला आता धास्ती वाटते. माझी कंबर मला हळूहळू चालू देते, खांबाला टेकून उभं राहू देते, आडवं तर आनंदाने होऊ देते. बसू तेवढं देत नाही. टेकलो की थोड्याच वेळात डाव्या कुल्ह्यात एक तार तापायला लागते आणि मांडीमागून पोटरीपर्यंत उतरते. मग समोरचा त्याच्या पोराच्या लग्नाचं सांगत असतो आणि माझं सगळं लक्ष पोटरीत.

लोकांना हे पटत नाही. चालता येतं, मग बसायला काय झालं? नाकेमसन नावाच्या स्वीडिश अस्थिरोगतज्ज्ञाने १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून तिच्यावरचा दाब मोजला होता. उभं असतानाचा दाब १०० धरला, तर उताणं निजल्यावर तो २५च्या आसपास उतरतो, आधाराशिवाय बसल्यावर १४०पर्यंत चढतो आणि बसून पुढे वाकलं की १८५. नंतरच्या मोजण्यांत नुसत्या बसण्याचा दाब इतका भरला नाही. वाकून बसणं मात्र तेव्हाही महाग होतं, आजही आहे. आणि आपलं कुठलं बसणं वाकल्याशिवाय होतं? पंगत घ्या, सत्यनारायण घ्या, मयताच्या घरची सतरंजी घ्या. दुखणाऱ्या कंबरेने माणूस गावातून उठतो तो चालता येत नाही म्हणून नव्हे, चारचौघांत मांडी घालता येत नाही म्हणून.

गोळ्यांचं एक वेगळंच पंचांग आहे. सकाळी अनशापोटी पित्ताची. खाल्ल्यावर पॅरासिटामॉल. दुखणं फारच पेटलं तर डॉक्टरांनी आखून दिलेले मोजके दिवस डायक्लोफेनॅक. रात्री अमिट्रिप्टिलीन, दहा मिलिग्रॅमची, दाताखाली हरवेल एवढी. ही शेवटची नातेवाइकांत गाजली. कुणीतरी पाकिटावरचं नाव मोबाइलवर शोधलं आणि बातमी पसरली की काकाजींना डोक्याची गोळी चालू आहे. जास्त मात्रेत ती नैराश्यावर देतात, हे खरं; कमी मात्रेत ती शिरेच्या दुखण्याची धार बोथट करते आणि झोप आणते. सकाळी तोंड कोरडं पडतं, पहिला तास धुक्यात जातो. पण रात्र सलग मिळते, आणि रात्र मिळालेल्या माणसाला दिवसाशी थोडं भांडता येतं.

डायक्लोफेनॅकची गोष्ट निराळी. या औषधाने आपल्या देशातली गिधाडं जवळजवळ संपवली. दुखऱ्या गुरांना ते टोचायचे, गुरं मेली की गिधाडं खायची, आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली. माणूस गिधाडापेक्षा चिवट खरा, पण मूत्रपिंड त्यालाही दोनच. त्यात आमचा वैशाख. पारा पंचेचाळिसावर, अंगातलं पाणी घामाने चाललेलं, अशा वेळी ही गोळी घेणं म्हणजे आटलेल्या विहिरीवर मोटर लावणं. म्हणून उन्हाळ्यात मी ती शक्यतो टाळतो आणि पाण्याची बाटली बाळगतो.

आणि उन्हाळा म्हटला की कूलर. विदर्भातल्या पुरुषाची कंबर किती शाबूत आहे ते कूलर भरताना कळतं. नळाखालून भरलेली बादली उचलायची, खिडकीपर्यंत न्यायची, छातीएवढी वर धरून तिरपी करायची; वळणं आणि वाकणं एकाच झटक्यात. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी मला काय काय करायचं नाही ते शिकवलं, ते सगळं त्या एका बादलीत आहे. आता बाथरूमच्या नळाला हिरवा पाइप जोडलाय. मी फक्त तोटी फिरवतो आणि टाकीत पाणी चढल्याचा आवाज ऐकत उभा राहतो. ताट्या मात्र बायको बदलते, आणि बदलताना काहीबाही बोलते.

आमच्याच जिल्ह्यात, हिंगणघाटला, १९१४ साली जन्मलेल्या एका माणसाची मला अशा वेळी आठवण येते. बाबा आमटे. मणक्याच्या आजाराने उतारवयात त्यांना बसताच येत नसे. एक तर उभं राहायचं, चालायचं, नाही तर आडवं व्हायचं. त्याच अवस्थेत डिसेंबर १९८५मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, ते भारत जोडो यात्रेला कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. तरुण पोरं सायकलींवर आणि बाबा गाडीत, पलंगावर पडून. त्यांच्या जिद्दीवर पुष्कळ लिहिलं गेलं, आणि ते रास्तच आहे. पण जिद्द काही मागून मिळत नाही. मला हेवा वाटतो त्या पलंगाचा. कुणीतरी गाडीची मापं घेतली असतील, धक्के कसे बसतील याचा विचार केला असेल. बसता येत नाही ना, मग निजून जाऊ, एवढी साधी सोय झाल्यावर देश ओलांडता आला. आमच्या एसटीत निजायचं सोडा, टेकून उभं राहायला धड दांडा सापडत नाही.

पूर्वी कंबर धरली की आठवडेच्या आठवडे अंथरुणात घालवायला सांगत. आता सांगतात, झेपेल तेवढं हलतं राहा. म्हणून संध्याकाळी ऊन उतरलं की निघतो. पानठेल्यापर्यंत जातो, तिथल्या खांबाला पाठ लावतो, परततो. ओळखीचे लोक आता खुर्ची देत नाहीत, स्वतःच उठून उभे राहतात. त्याने गप्पा आखूड होतात, पण होतात.

गल्लीत सप्ताह बसला तेव्हा मी मंडपाबाहेरच घोटाळत होतो. सतरंजीवर जाऊन उठणार कसा? एका म्हाताऱ्या टाळकऱ्याने ते हेरलं. कीर्तनात बुवा उभे, मृदंगवाला उभा, टाळकरीही उभे. खाली बसतात ते फक्त ऐकणारे. त्याने मला दंडाला धरून रांगेच्या टोकाला नेलं आणि हातात टाळ दिले. मला ताल नाही, हे त्याला पहिल्या अभंगातच कळलं असावं. "हळू वाजवा म्हणजे झालं," एवढंच तो म्हणाला आणि माझ्या बाजूचा कान त्याने जरा दुसरीकडे वळवला.