जुन्या गांवठाणावरचें आकाश

रात्रीच्या आकाशाचीं छायाचित्रें घेण्याचा मला छंद आहे. एक साधा कॅमेरा, एक तिपाई आणि किल्लारीचा अंधार एवढेंच माझें भांडवल. या वाटेनें आमच्या प्रांतांत मोठीं माणसें चालून गेलीं आहेत. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेळीं पुण्याचे प्रोफेसर कावसजी दादाभाई नेगमवाला यांनीं जेऊर येथें तळ देऊन छायाचित्रें घेतलीं होतीं. १९४४ सालीं पुण्यास हौशी निरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हें वाचून मलाहि धीर आला.

आमच्या नव्या गांवांत दिवे फार. म्हणून मीं जुन्या गांवठाणाची जागा निवडली. आप्पांना तें रुचलें नाहीं. "तिकडे रात्रीं कशाला जातोस?" एवढेंच ते म्हणाले. कारण मला ठाऊक होतें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटें ३ वाजून ५६ मिनिटांनीं भूकंप झाला. गणपतीचें विसर्जन करून गांव निजलें होतें. दगडमातीच्या रुंद भिंती व जड माळवदें निजलेल्यांवर कोसळलीं. लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारों माणसें गेलीं. त्यांत माझी आजी व धाकटी आत्या होती. आप्पा शेतांत निजले होते, म्हणून वांचले. त्या रात्रीविषयीं ते घरीं कधींच बोलले नव्हते.

गेल्या डिसेंबरच्या अखेरीस, अमावास्येच्या सुमारास, मी निघालों तेव्हां आप्पा घोंगडें घेऊन मागून आले. मीं कॅमेरा ध्रुवाकडे लाविला. आमच्याकडे ध्रुव क्षितिजापासून अवघा १८ अंश वर दिसतो, आणि त्याच्याखालीं लातूरच्या दिव्यांची फिकट झांक असते. दर अर्ध्या मिनिटाचें एक अशीं २४० चित्रें घेऊन तीं एकत्र केलीं, कीं दोन तासांत प्रत्येक तारा ३० अंशांचा कंस काढितो. ध्रुवदेखील अगदीं स्थिर राहत नाहीं. त्याचाहि इवलासा कंस उमटतो. फिरतो तो तारा नव्हे, आपल्या पायांखालची पृथ्वी.

दहाच्या सुमारास आप्पा वर पाहून म्हणाले, "त्या पहाटें कृत्तिका अशाच माथ्यावर होत्या. चंद्र मात्र मावळतीकडे होता, जवळजवळ पुरा."

मी चकित झालों. तारे रोज सुमारें चार मिनिटें आधीं उगवतात. तीन महिन्यांत तो फरक सहा तासांचा होतो. सप्टेंबरअखेरच्या पहाटें चारचें आकाश डिसेंबरअखेर रात्रीं दहाला दिसतें. हें गणित मला येत होतें, पण तें मीं आमच्या घराशीं कधीं ताडून पाहिलें नव्हतें.

मग आप्पा उठले. विजेरी घेऊन कॅमेऱ्यासमोरून झुडपांत गेले, एका दगडापाशीं थांबले आणि बराच वेळ तेथें बसले. परत आल्यावर म्हणाले, "उंबरा सांपडला." त्यानंतर आजीविषयीं, आत्याविषयीं ते पहांटेपर्यंत बोलत होते. मीं पुष्कळ गोष्टी त्या रात्रीं प्रथमच ऐकिल्या.

घरीं येऊन चित्र जुळविलें. वर ताऱ्यांचे कंस, आणि खालीं विजेरीची एक वांकडी रेघ, जी एका ठिकाणीं दाट होऊन थांबली आहे. चालणारा माणूस अशा चित्रांत उमटत नाहीं. त्याच्या हातांतला दिवा उमटतो. जाणकार म्हणतील, ती रेघ पुसून टाक, चित्र निर्दोष होईल. मीं ती पुसली नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, आकाश पाहावयास जाल तेव्हां घरांतील एखाद्या वडील माणसास बरोबर न्या. यंत्रानें जें टिपतां येत नाहीं, तें कदाचित् त्यांच्या तोंडून ऐकावयास मिळेल.