भाभीच्या मापाचे गमबूट

गमबूट हा काही मासिकात लिहिण्याचा विषय नाही, असं पुष्कळांना वाटेल. पण रात्री दोन वाजता उसात पाणी भरायला जाणाऱ्या माणसाला विचारा. त्यातही ते माणूस बाई असेल तर जरूर विचारा. आमच्या घरात गेली दोन वर्षं या एका वस्तूसाठी जेवढी पायपीट झाली, तेवढी लग्नाच्या बस्त्यासाठीही झाली नव्हती.

बाहेरच्या लोकांना नेवासा माहीत आहे ते ज्ञानेश्वरीमुळे. 1290 साली ती इथे सांगितली गेली आणि तो खांब पाहायला आजही लांबून माणसं येतात. आम्हा इथल्या रहिवाशांचा रोजचा संबंध मात्र उसाशी आणि पाण्याशी. एका अंगाला प्रवरा, वर मुळा धरणाचा उजवा कालवा, भेंड्याला एक साखर कारखाना, सोनईला दुसरा. आमची जमीन अडीच एकर. थोडा ऊस, थोडा गहू, कडेला जनावरांसाठी घास. पाटाचं आवर्तन सुटलं की आपली पाळी रात्री येते की दिवसा, ते आपल्या हातात नसतं. विहिरीवरची मोटर चालवायची तर शेतीची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, हेच इतकी वर्षं चालत आलं. दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 मध्ये सौर कृषी वाहिनीची योजना निघाली, काही भागांत तिचा फायदा झालाही. आमच्या शिवारात अजून रात्रीची पाळी चुकलेली नाही.

घरातले आम्ही दोघं शाळेत. भाईजान मालट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. अब्बांचे गुडघे थकले. त्यामुळे दारं धरायला जाते ती भाभी. एका सरीत पाणी पोचलं की तिचं तोंड मातीने बंद करायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं, याला आमच्याकडे दारं धरणं म्हणतात. काम अंधारात, पोटरीभर चिखलात, आणि डोक्याच्या वर गेलेल्या उसात. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडं. पाय कुठे पडतो ते दिसत नाही.

उसात उंदीर असतात आणि उंदरांमागे साप. घोणस तर पालापाचोळ्यात अशी मिसळून जाते की बॅटरीच्या उजेडातही वाळलं पाचट वाटावं. ती माणसाला पाहून पळत नाही, जागेवरच कुकरच्या शिट्टीसारखा आवाज करते. पाय पडला की चावा घोट्याला किंवा पावलाला. तिचं विष रक्तावर परिणाम करतं, मूत्रपिंडं निकामी करू शकतं. आमच्या वस्तीपासून जवळच एका बाईला असाच चावा झाला. जीव वाचला, अल्हम्दुलिल्लाह, पण डायलिसिससाठी किती खेपा झाल्या आणि किती तोळे मोडले, ते त्या घरालाच ठाऊक. सन 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आहे. वर्षाला सरासरी 58 हजार. यातले बहुतेक मृत्यू खेड्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. बचावाचे जे उपाय डॉक्टर सांगतात त्यांत बॅटरी, काठी आणि पाय झाकणारे बूट हे पहिले.

म्हणून गमबूट आणायचे ठरले. नेवाशातल्या दुकानांत गेलो, नेवासा फाट्यावर विचारलं, श्रीरामपूरला गेलो तेव्हा तिथेही पाहिले. सगळीकडे काळे बूट, नंबर सहा ते दहा. भाभीचा पाय चार नंबरचा. "बायकांचे गमबूट मागायला कोणी येतच नाही," एक दुकानदार म्हणाले. दुसऱ्यांनी लहान मुलांचे दाखवले, लाल-पिवळे, बेडकाची डोळे काढलेली चित्रं असलेले. लांबीला जमत होते, पण पोटरीपाशी अडकायचे, उंची वीतभर आणि तळ इतका पातळ की उसाचं खोडकं आरपार जाईल. शेवटी सहाचाच जोड घेतला, दोन-दोन मोजे घातले, पुढे कापूस कोंबला. पहिल्या रात्रीनंतर भाभी म्हणाली, "बूट चलता आगे, मैं चलती पीछे." तिसऱ्या रात्री एक बूट चिखलात रुतून बसला, पाय मोकळा वर आला आणि ती सरीत आडवी झाली. चौथ्या रात्री तिने जोड बांधावर काढून ठेवला आणि अनवाणी गेली.

चार आणि सहा या नंबरांत फरक किती? बुटाचा एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा. दोन नंबर म्हणजे साधारण 17 मिलिमीटर, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडं जास्त. दुकानात हे चालून जाईलसं वाटतं. चिखलात चालत नाही. चिखल बुटाला तळाकडून ओढून धरतो. टाच घट्ट बसलेली असेल तर पायाबरोबर बूट उचलला जातो, सैल असेल तर बूट खालीच राहतो.

ज्यांचा जीव बुटावर अवलंबून असतो त्या सगळ्यांना ही गोष्ट कळलेली आहे. थंड देशांत समुद्रात उतरणारे पाणबुडे अंग कोरडं ठेवणारा पोशाख घालतात. त्याला पुष्कळदा बूट जोडलेलेच असतात आणि आत हवा असते. डोकं खाली आणि पाय वर झाले की ती हवा पायांकडे धावते. बूट सैल असेल तर तो फुगतो, पाय त्यातून निसटतो आणि माणसाला सरळ होणं अवघड जातं. म्हणून ते लोक बुटाच्या मापावर फार काटेकोर असतात. आणि आपल्या घरातलीच गोष्ट घ्या. खुफ्फैनवर मसह करण्याचे मसले आपण लहानपणी मदरशात शिकलो. मुक्कामी माणसाला एक दिवस-रात्र, मुसाफिराला तीन दिवस-रात्र, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच मसल्यांत हनफी फुकहांनी आणखी एक अट घातली आहे: ते पायावर आपोआप टिकले पाहिजेत आणि घालून चालता आलं पाहिजे. पायात न टिकणाऱ्या पायताणाला त्यांनीही जमेत धरलं नाही.

भाभीचा जोड मिळाला तो अहिल्यानगरला, शेतीच्या दुकानात नव्हे तर कारखान्यांना हातमोजे, हेल्मेट पुरवणाऱ्या दुकानात. दूध आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत बायका काम करतात, त्यांना पांढरे गमबूट लागतात आणि ते चार नंबरातही येतात. पांढरा रंग चिखलात शोभत नाही, पण भाभीने पायात घालून दुकानातच चार पावलं टाकली, उकिडवी बसली, उठली आणि म्हणाली, "बस, यही." बुटाला पाय सापडला होता.

एवढ्यावर विषय संपला असता. पण आमच्या सातवीच्या वर्गात मोजमापाचा धडा आला. आम्ही मुलामुलींना सांगितलं, घरातल्या मोठ्या माणसांची पावलं कागदावर काढून आणा, लांबी मिलिमीटरमध्ये मोजा. दुसऱ्या दिवशी वर्गात पावलांची रास पडली. आईचं, आजीचं, खालाचं पाऊल. शेतात जाणाऱ्या बहुतेक आयांची पावलं सहा नंबरच्या बुटाला आखूड निघाली. एका मुलीने आजीच्या पावलाचा कागद आणला, त्यावर टाचेच्या भेगाही पेन्सिलने काढलेल्या होत्या. तो फळ्याशेजारी आम्ही बरेच दिवस लावून ठेवला. त्या मापांची यादी घेऊन आम्ही नेवाशातल्या एका दुकानदारांकडे गेलो. यादी पाहून त्यांनी तीन, चार आणि पाच नंबरचे मिळून बारा जोड मागवले. पोळ्याच्या आत सगळे गेले. "कोणी मागत नाही" याचा अर्थ "कोणाला नको आहे" असा होत नसतो.

मुळात आपले नंबर ठरले ते आपल्या पायांवरून नाहीत. इंग्रजांच्या काळात आलेली मापं आपण आजवर वापरत आलो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने अलीकडे देशभरात 79 ठिकाणी एक लाखाहून जास्त माणसांच्या पायांची मोजणी केली. भारतीय पाय युरोपी पायापेक्षा रुंद, असं त्यातून दिसलं आणि 'भा' नावाची, आठ मापांची नवी पद्धत सुचवली गेली. भारतातला 'भा'. ती दुकानापर्यंत येईल तेव्हा येईल, तोवर आपलं माप आपणच घ्यायचं.

ते असं. माप संध्याकाळी घ्यावं, दिवसभराच्या कामाने पाय थोडे सुजलेले असतात. कागदावर उभं राहायचं, बसून नाही. पेन्सिल सरळ उभी धरायची. दोन्ही पावलं काढायची आणि मोठं असेल ते धरायचं. रुंदी आणि पोटरीचा घेरही लिहायचा, शलवार आत खोचायची असेल तर तशीच मोजायची. दुकानात जाताना शेतात घालतो तेच जाड मोजे न्यायचे. बोटांपुढे अंगठाभर जागा हवी. चालताना टाच थोडी हलली तर चालेल, बाहेर यायला लागली तर नको. उकिडवं बसून पाहायचं, कारण निंदणी-खुरपणी बसूनच होते. उंची गुडघ्याच्या जरा खालपर्यंत.

घरी आणल्यावर बूट उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नयेत, तडकतात. आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत ठेवावेत. ओले बूट तसेच घातले तर बोटांत चिखल्या होतात. घालण्याआधी उलटे करून झटकावेत, विंचू आणि बेडूक दोघांनाही अंधारी जागा आवडते. घरात कोणाला साखरेचा आजार असेल तर त्यांच्या बुटात आधी हात फिरवून खडा नाही ना, ते पाहावं. त्यांच्या पायाला खडा कळत नाही आणि जखम लवकर भरत नाही.

बूट घातले म्हणून साप चावणारच नाही, असं नाही. चावलाच तर करकचून बांधू नये, कापू नये, चोखू नये, झाडफुंकीत वेळ घालवू नये. चावलेला भाग फार न हलवता, 108 ला फोन करून प्रतिविष असलेल्या दवाखान्यात पोचावं. दुआ वाटेत करता येते.

आता ईद येईल. घराघरांत मुलांच्या बुटांची खरेदी होईल, नंबर लहान-मोठा झाला तर आपण दुकानात तीन चकरा मारू. त्याच चकरेत एक कागद खिशात ठेवा. त्यावर घरातल्या त्या बाईचं पाऊल काढलेलं असू द्या, जी फजरच्या आधी गोठ्यात किंवा शेतात जाते. तिला विचारलंत तर ती "मला काही नको" म्हणेल. म्हणून विचारू नका, कागद पुढे करा आणि म्हणा, यावर जरा उभी राहा.