मानपत्राची भाषा

तालुक्याच्या गावी मराठी शिकवणाऱ्या माणसाकडे लोक दोन कामांसाठी हमखास येतात. एक, लग्नपत्रिकेतले शुद्धलेखन तपासून घ्यायला. आणि दोन, मानपत्र लिहून घ्यायला. पहिल्या कामात आमचे फारसे काही चालत नाही. पत्रिका तोवर छापून झालेली असते. दुसऱ्या कामात मात्र मराठी विभागातल्या आम्हा दोघांना पूर्ण मोकळीक असते, आणि त्या मोकळिकीचा आम्ही बरीच वर्षे जो उपयोग केला, त्याविषयी आज लिहायचे आहे.

आमचा तालुका बीड जिल्ह्यातला, बालाघाटाच्या डोंगरातला. तालुक्यातले शिक्षक आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकून पुढे गेलेले माजी विद्यार्थी मिळून दरवर्षी एक गुणगौरव समारंभ करतात. त्या वर्षी निवृत्त झालेले गुरुजी आणि बाई, आणि कुठेतरी नाव काढलेले माजी विद्यार्थी, असे दुहेरी सत्कार असतात. सभागृह आमच्या महाविद्यालयाचे, ध्वनिक्षेपक भाड्याचा, मानपत्रे आमची. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह आणि सर्वांत शेवटी चौकटीत बसवलेले मानपत्र, हा क्रम ठरलेला. सत्कारमूर्ती घरी गेल्यावर शाल कपाटात जाते, नारळ स्वयंपाकघरात जातो. मानपत्र तेवढे भिंतीवर राहते. म्हणजे आमचे जे लेखन सर्वांत जास्त दिवस लोकांच्या डोळ्यांसमोर असते, ते हेच. आमच्या शोधनिबंधांना हे भाग्य लाभलेले नाही.

मानपत्र हा वाङ्मयप्रकार आहे, असे म्हटले तर विद्यार्थी हसतात. पण त्याची घाटणी पोवाड्याइतकीच पक्की आहे. आरंभी संबोधन, मग खडतर बालपण, मग सेवेचा आलेख, मग गुणांची माळ, शेवटी दीर्घायुष्याची प्रार्थना आणि ‘आम्ही आहोत आपले’ या शब्दांखाली सह्या. शिक्षकाचा शालजोडी देऊन जाहीर सत्कार करण्याची आपली परंपराही जुनी आहे. १८५२ साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीराव फुल्यांचा असा सत्कार केला, तो त्यांनी शाळा काढल्या म्हणून. तेव्हा त्या सत्कारामागे एक विशिष्ट, डोळ्यांनी पाहता येणारे काम होते : जिथे शाळा नव्हती तिथे शाळा उभी राहिली होती. आमच्या मानपत्रांतून हळूहळू नेमके तेच हरवले. काम गेले, विशेषणे उरली.

‘ज्ञानदानाचे पवित्र कार्य’, ‘हाडाचे शिक्षक’, ‘विद्यार्थिप्रिय’, ‘दीपस्तंभ’ हे शब्द आमच्याकडे शिक्क्यांसारखे तयार असत. आधी ते वहीत होते, नंतर संगणकात आले. आणि संगणकात आल्यावर नाव तेवढे बदलायचे राहिले. व्हायचे ते झाले. एका वर्षी तीन गुरुजी एकाच वेळी निवृत्त झाले. सूत्रसंचालकाने तिघांची मानपत्रे लागोपाठ वाचली. पहिल्या ‘दीपस्तंभा’ला टाळ्या पडल्या, दुसऱ्याला कुजबुज झाली, तिसऱ्याला मागच्या रांगेतली पोरे वाचणाऱ्याच्या आधीच तो शब्द म्हणाली. सभागृह हसले. तिसरे गुरुजीही हसले. पण मानपत्र हातात घेताना त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही. सदतीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला आम्ही दुसऱ्याचे उतरवलेले कपडे घातले होते.

पुढच्या वर्षी आम्ही ठरवले, की सत्कारमूर्तीला भेटल्याशिवाय एक ओळही लिहायची नाही. त्या वर्षीच्या यादीत एका वस्तीशाळेवरून निवृत्त झालेल्या बाई होत्या. आम्ही त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. आम्ही वही काढली आणि जन्म, शिक्षण, पहिली नेमणूक असे विचारू लागलो. बाईंनी सगळे सांगितले आणि मग संकोचाने म्हणाल्या, “सर, मॅडम, रागावू नका. तुम्ही लिहिता ते ऐकायला फार छान असतं. पण ते कुणाचंही असतं. माझं लिहिणार असाल तर आधी हे बघा.” आणि त्यांनी आतून एक शंभर पानी वही आणली.

त्या वहीत काय होते ते कळण्यासाठी आमच्या भागाची रीत सांगायला हवी. पावसाळा सरला, की इथली माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फेडण्यासाठी गाळपाचा हंगाम संपेपर्यंत दोघांना राबावे लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या निघतात आणि त्यांत भांडी, गोणपाट, शेळ्या यांच्याबरोबर लेकरेही जातात. जून-जुलैत भरलेला शाळेचा पट दिवाळीनंतर निम्म्यावर येतो. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहे झाली, गावोगाव जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आले. या सगळ्याचा उपयोग झाला आणि पुरेसा झाला नाही, दोन्ही खरे आहे. गाडी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दारात जाऊन ‘याला ठेवा’ असे म्हणणारे माणूस लागतेच. ते काम कोणत्याही पत्रकाने होत नाही.

बाई त्या वस्तीवर नऊ हंगाम होत्या. वहीत प्रत्येक हंगामाचे एक पान. ज्या मुलांचे आईबाप तोडीला जाणार त्यांची नावे, आणि नावापुढे चारच शब्दांपैकी एक : राहिला, राहिली, किंवा गेली, मुलगा असेल तर गेला. शेजारी बारीक अक्षरात कारण. ‘आजी तयार.’ ‘आजीला दिसत नाही, रात्रीचे जेवण माझ्याकडे.’ ‘चुलता हो म्हणाला, चुलती नाही.’ ‘धाकटा भाऊ सांभाळायला नेली.’ हे शेवटचे कारण पानोपानी होते, आणि ते मुलींच्याच नावापुढे होते. आम्ही बराच वेळ ती वही वाचत बसलो. तिच्यात एकही विशेषण नव्हते.

“यातलं काय घेऊ?” आम्ही विचारले.

“राहिलेल्यांचा आकडा घ्या,” बाई म्हणाल्या, “आणि गेलेल्यांचाही घ्या.”

आम्ही अडखळलो. मानपत्रात अपयशाला जागा नसते, हा त्या प्रकाराचा पहिला नियम. आम्ही तसे बोलून दाखवले. बाई शांतपणे म्हणाल्या, “मग राहिलेली लेकरं कशापासून राहिली, हे ऐकणाऱ्याला कसं कळायचं?” साहित्याच्या वर्गात आम्ही ज्याला संघर्ष म्हणतो आणि ज्याची व्याख्या परीक्षेत पाच गुणांना विचारतो, तो त्यांनी एका वाक्यात आमच्यापुढे ठेवला होता.

त्याच समारंभात त्या वस्तीशाळेच्या एका माजी विद्यार्थिनीचाही सत्कार होता. ती आता एका सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. तिचे मानपत्र आम्ही अगोदरच लिहून पाठवले होते. त्यात एक वाक्य होते : प्रतिकूल परिस्थितीवर आपण केवळ स्वकर्तृत्वाने मात केली. दोन दिवसांनी तिचा फोन आला. ते वाक्य काढा, म्हणाली. आम्हाला वाटले विनय असेल. पण ती म्हणाली, “सर, मी राहिले, कारण माझी मोठी बहीण गेली. कोपीवर भाऊ सांभाळायला कुणीतरी लागणारच होतं. ती सलग चार वर्षं गेली, म्हणून मी सलग चार वर्षं शाळेत बसले. ‘स्वकर्तृत्वाने’ लिहिलंत तर ती समोर बसलेली असेल, तिनं काय ऐकायचं?”

आम्ही बाईंची वही पुन्हा मागून घेतली. दोन्ही बहिणींची नावे एका पानावर, एकाखाली एक होती. एकीपुढे ‘गेली’, दुसरीपुढे ‘राहिली’. त्या दोन शब्दांमध्ये एका ओळीचे अंतर होते.

हे लिहिताना ‘बनगरवाडी’ आठवल्यावाचून राहत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ सालची. एकशिक्षकी शाळेवर आलेल्या एका तरुण मास्तराची आणि धनगरांच्या वस्तीची. आम्ही ती वर्षानुवर्षे शिकवतो. मास्तराच्या पुढाकाराने वाडीत तालीम उभी राहते, तिच्यासाठी खुद्द राजेसाहेब येतात, वाडीच्या आयुष्यातला तो सोहळ्याचा दिवस. कादंबरी तिथे संपवता आली असती. पण त्यानंतर दुष्काळ येतो, माणसे गुरामेंढरांसह वाडी सोडून जातात, शाळेला मुले उरत नाहीत आणि मास्तरही निघून जातो. त्या मास्तराला कोणी शाल देत नाही. तरीही ती कादंबरी मिटल्यावर त्या मास्तराने काय केले, हे वाचकाला पुरते कळलेले असते. कारण लेखकाने सोहळाही दाखवला आणि ओसाड वाडीही दाखवली. विद्यार्थ्यांना आम्ही हे समजावून सांगत आलो; स्वतः लिहिताना मात्र तालमीच्या प्रसंगालाच पूर्णविराम देत आलो. गुणगौरवाला आमचा विरोध नाही. डोंगरातल्या वस्तीवर आयुष्य घातलेल्या माणसासाठी वर्षातून एक दिवस सभागृह भरावे, हे योग्यच आहे. पण गौरव खरा व्हायचा तर ज्याच्याशी झुंज दिली त्याचे नाव घ्यावे लागते, आणि ज्यांच्या खांद्यावर पाय देऊन कोणी वर आले, त्यांचेही.

बाईंचे मानपत्र आम्ही नव्याने लिहिले. ते एरवीच्या निम्मे झाले. नऊ हंगामांत वहीतल्या नोंदी १४३. त्यांत राहिलेले ९६, गेलेले ४७. आजीचे डोळे, रात्रीचे जेवण आणि निघालेल्या गाडीपुढे उभे राहणे. एवढेच. परिचारिकेच्या मानपत्रातले ‘स्वकर्तृत्वाने’ काढून तिथे ‘मोठ्या बहिणीने दिलेल्या चार वर्षांच्या बळावर’ असे लिहिले.

समारंभात ती वाचली गेली तेव्हा टाळ्या उशिरा आल्या. बहीण तिसऱ्या रांगेत होती. तिने पदर तोंडाला लावला, पण उठून गेली नाही. कार्यक्रमानंतर संयोजकांपैकी एक वडीलधारे गृहस्थ आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, “या वेळी जरा कोरडंच झालं हो. एखादा दीपस्तंभ तरी टाकायचा होता.” आम्ही काही बोललो नाही. सवयीचा शब्द ऐकू आला नाही, की माणसाला चुकल्यासारखे वाटते, आणि ती सवय आम्हीच लावलेली होती.

आठ दिवसांनी बाई महाविद्यालयात आल्या. पिशवीत चौकटीसकट मानपत्र होते. आम्हाला वाटले, काच फुटली असेल. त्यांनी ते टेबलावर ठेवले, वही उघडली आणि एका नावावर बोट ठेवले. “इथं चूक झाली सर. ही पोरगी तुम्ही राहिलेल्यांत धरली. संक्रांतीपर्यंत होती ती. मग आजी वारली आणि बाप येऊन घेऊन गेला. पुढच्या ओळीवर लिहिलंय बघा.”

खरेच लिहिले होते. आम्ही पान नीट पाहिले नव्हते.

“राहिलेले ९५,” बाई म्हणाल्या, “आणि गेलेले ४८. तेवढं दुरुस्त करून द्या. भिंतीवर लावायचंय.”

इतक्या वर्षांत आमच्या मानपत्रात दुरुस्ती सुचवणाऱ्या त्या पहिल्याच. आणि तीही स्वतःचा आकडा एकाने कमी करून घेण्यासाठी. आम्ही चौकट उघडली, नवा कागद छापून आणला, आणि या वेळी दोघांनी मिळून वहीशी ताडून पाहिला.