‘पास’चा शिक्का

एप्रिलमधल्या एका दुपारी नातू गिटार घेऊन माझ्या खोलीत आला. "आजोबा, हिला काहीतरी झालंय, ऐका." त्यानं एक तार छेडली. सुराबरोबर झर्रर्र असा आवाज आला, काचेवर माशी अडकल्यासारखा. गिटार जेमतेम चार महिन्यांची. वाढदिवसाला मीच घेऊन दिलेली, ऑनलाइन मागवून.

मला हसू आलं. "अरे, तुझ्या वाद्यात जो दोष, तो माझ्या आईच्या वाद्यात गुण होता. असा झणकार नीट यावा म्हणून ती मिरजेला पैसे मोजायची." त्याला ते काही पटलं नाही. मग कोपऱ्यात गवसणीत उभा असलेला आईचा तंबोरा मी काढला. छेडून बघतो तर काय, त्यातून नुसता ठक्क ठक्क आवाज. आई जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. तारा गंजलेल्या, जवारी पार गेलेली. म्हणजे घरात वाद्यं दोन. एकात नको असलेला झणकार, आणि दुसऱ्यात हवा असलेला नाही!

आधी गिटारीची सोय बघितली. आबिद्सच्या मागच्या एका गल्लीत गिटार दुरुस्त करणारा एक कारागीर आहे असं कळलं. त्यानं गिटार डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरली, मानेवरून नजर फिरवली आणि आपल्या हैदराबादी हिंदीत सांगितलं, "लकडी सूख गई साब. अपने शहर की गर्मी है." मान किंचित वाकली होती, ती आतली सळई फिरवून सरळ करता येते. पण खरा घोटाळा पुढेच होता. मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांपैकी, म्हणजे फ्रेट्सपैकी, दोन बाकीच्यांपेक्षा वर राहिलेल्या. तार त्यांना घासत होती. "ये गर्मी से नहीं हुआ. फॅक्टरी में किसी ने बजा के देखा ही नहीं," तो म्हणाला. आणि मग बॅटरीचा उजेड पाडून गिटारीच्या पोटातला एक गोल कागद त्यानं मला दाखवला. त्यावर लिहिलं होतं, तपासून पास. खाली कुणाची तरी न लागणारी सही.

दुरुस्ती झाली. नातू म्हणाला, "पुढच्या वेळी मोठ्या नावाची घेऊ आजोबा." रिकामा माणूस मी, म्हणून मोठ्या नावांविषयी वाचत बसलो.

फेंडर हे इलेक्ट्रिक गिटारीतलं फार मोठं नाव. १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकेतल्या बड्या प्रसारण कंपनीनं ती कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली. गिटारीवरचं नाव तेच राहिलं. पण जुनी फेंडर घेताना जाणकार आजही विचारतात, विक्रीच्या आधीची की नंतरची? शेवटी १९८५ मध्ये कंपनीत काम करणाऱ्या मंडळींनीच ती परत विकत घेतली. दुसरं मोठं नाव गिब्सन. यांचा कारखाना मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावी होता. दुसऱ्या महायुद्धात पुरुष सैन्यात गेले आणि तिथल्या गिटारी मुख्यतः गावातल्या बायकांनी बनवल्या. कंपनीनं त्याचा गाजावाजा केला नाही. आज संग्राहक त्या काळातल्या गिटारी शोधत फिरतात. पुढे १९८४ मध्ये तो कारखाना बंद करून काम नॅशव्हिलला नेलं, तेव्हा काही जुने कामगार गाव सोडून गेले नाहीत. त्यांनी १९८५ मध्ये त्याच जुन्या इमारतीत हेरिटेज नावानं स्वतःच्या गिटारी बनवायला सुरुवात केली. आता सांगा, लौकिक कुठे गेला? पाटीबरोबर नॅशव्हिलला, की हातांबरोबर कॅलमझूलाच राहिला?

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कारण तो गोल कागद. एकतीस वर्षं मी तेच काम केलंय. हैदराबादबाहेरच्या एका कारखान्यात मी तपासनीस होतो. पंपांचे शाफ्ट माझ्या टेबलावर यायचे, मायक्रोमीटर लावायचा आणि शिक्का मारायचा; पास किंवा नापास.

एका मार्च महिन्याच्या अखेरीला चाळीस शाफ्टचा लॉट आला. त्यातले बरेचसे दोन शतांश मिलिमीटरनं कमी भरत होते. लेथवर कंत्राटी मुलगा होता, बावीस-तेवीसचा. त्यानं चार दिवस आधीच सांगितलं होतं, मशीन माप धरत नाही, बघा. त्याला उत्तर मिळालं होतं, मार्च संपू दे. मी लॉट बाजूला ठेवला तर वरून निरोप आला, "शिक्का मारा, गाडी उभी आहे." आणि मी मारला. चाळीस वेळा.

जूनमध्ये सहा पंप परत आले. चौकशी झाली. कागदावर सगळं पास होतं, म्हणून ठपका ठेवायला माणूस हवा होता. त्या मुलाचं कंत्राट पुढे चालू ठेवलं नाही. त्यानं आधी सांगितलं होतं हे माहीत असलेले आम्ही तिघं होतो. तिघंही गप्प राहिलो. घरी कर्ज होतं, मुलाची फी होती, ही सगळी कारणं खरी होती. पण ते मी आजवर घरी कुणाला सांगितलं नव्हतं, हेही खरं.

मे महिन्यात तंबोरा घेऊन मी मिरजेला निघालो. मुलगा म्हणाला, "बाबा, कुरिअर करू या." पण आई दर चार-पाच वर्षांनी तंबोरा स्वतः घेऊन जायची. कुरिअर कसलं? रात्रीच्या बसमध्ये त्याच्यासाठी शेजारची सीट घेतली. कंडक्टरनं विचारलं, "दुसरे पॅसेंजर कुठेत?" मी गवसणीकडे बोट दाखवलं.

सोलापूर मागे पडलं आणि उजाडता उजाडता मंगळवेढा आलं. तंबोऱ्याचे भोपळे या पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातूनच मिरजेला जातात. खायचा नव्हे हं, हा कडू भोपळा, जाड सालीचा. वेलावर पूर्ण पिकून वाळलेला, गाभा निघून नुसतं कवच राहिलेला.

मिरजेत हा धंदा दीडशेहून अधिक वर्षांचा आहे. सुरुवात फरीदसाहेबांनी केली असं सांगतात. मूळ शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. राज्यं गेली, तलवारी खुंटीला लागल्या, तेव्हा गावात येणाऱ्या गवयांची वाद्यं दुरुस्त करता करता ते वाद्यं बनवायला लागले. पुढे या घराण्यांचं आडनावच सतारमेकर पडलं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले. १९३७ मध्ये ते गेले, त्यांची कबर तिथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे, आणि दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ तिथे गाणं होतं. बनवणारा एका गल्लीत आणि गाणारा पलीकडच्या गल्लीत अशी ही वस्ती. वाद्य बिघडलं तर तक्रार चालत घरी यायची!

आई ज्यांच्याकडे जायची त्यांच्याच घरी गेलो. पुढे दुकान, मागे काम, माडीवर घर. आता तिथे बसतात ते चाचा सत्तरीच्या पुढचे. त्यांनी गवसणी काढली, दांडीवरची नक्षी अंगठ्यानं पुसली आणि म्हणाले, "ही वेल आमच्या चुलत्यांच्या हातची." नाव नाही, सही नाही, पण पासष्ट वर्षांनंतर माणूस ओळखला.

बोटाच्या पेरानं भोपळा ठोकून पाहिला. "भोपळा शाबूत आहे. घोडी खाल्लीय तारांनी." घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती. तिचा माथा सपाट दिसतो, पण असतो किंचित उतरता. तार त्या उतारावर हलके घासते, खाली सुताचा एक धागा सरकवतात, आणि मग तो गोल, भरलेला झणकार उठतो. तीच जवारी. केसभर जास्त घासलं तर आवाज फाटतो, केसभर कमी तर बसतो. हे मोजायला कुठलंही यंत्र तिथे नव्हतं. कानस, तार आणि कान, एवढंच.

"संध्याकाळच्या बसचं तिकीट आहे माझं," मी म्हटलं.

"मग बस जाऊ द्या, साहेब. आज उतरेल असं वाटत नाही."

मी राहिलो. दोन दिवस त्यांच्या कामाच्या जागेत स्टुलावर बसून होतो. एक माणूस भिजवलेल्या भोपळ्याला आकार देत होता, एक तुणीच्या लाकडाची दांडी कोरत होता, एक चपड्याचं पॉलिश चढवत होता. बोलणं फार नाही. शेवटी प्रत्येक वाद्य चाचांपुढे यायचं, आणि जवारी तेच लावायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोळा-सतरा वर्षांचा त्यांचा पुतण्या एक तबली घेऊन आला. तबली म्हणजे भोपळ्याचं तोंड झाकणारी लाकडी पाटी, घोडी हिच्यावरच बसते. "चाचा, इथं जास्त गेलं माझ्या हातून," तो म्हणाला. चाचांनी अंगठा दाबला, उजेडात धरली, टकटक केलं. "मोठ्या तंबोऱ्याला नको. कडा काढून लहानाला बसेल. ठेव तिकडे." बास. पोरगं परत कामाला लागलं.

मी विचारलं, "ओरडला नाहीत?"

चाचा कानस चालवत म्हणाले, "ओरडलो तर पुढच्या वेळी वरून पॉलिश मारून आणेल. मला कळणार नाही. गाणाऱ्याला कळेल."

मंडळी, एकतीस वर्षांत मी गुणवत्तेची किती शिबिरं केली, किती तक्ते भिंतीवर लावले! त्यात हे एक वाक्य कुठे नव्हतं. आमच्याकडे खरं सांगणारा मुलगा गेला आणि शिक्का मारणारा निवृत्त होईपर्यंत राहिला.

तिथे सगळं गोड आहे असं मात्र समजू नका. खोलीभर भुसा, उजेड कमी, आणि हे काम शिकायला वर्षं जातात पण पैसा त्या मानानं मिळत नाही. चाचांचा थोरला मुलगा पुण्यात नोकरीला आहे. पुतण्या तरी राहील का, याची त्यांना खात्री नाही. स्वस्तात माल मागणारे व्यापारी येतात. "त्या भावात वाद्य होतं, जवारी होत नाही," ते म्हणाले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आता दुसरीकडे बनवलेलं वाद्य मिरजेचं म्हणून कायद्यानं विकता येत नाही. मी त्याबद्दल अभिनंदन केलं. चाचा हसले. "नावाला कुंपण झालं, चांगलं झालं. आतलं पीक आमचं आम्हालाच बघायचंय."

संध्याकाळी तंबोरा उतरला. चाचांनी पंचम लावला, मग जोड, मग खर्ज. हात तारांवरून फिरू लागला आणि पाचव्या-सहाव्या आवर्तनाला खोली भरून गेली. आई पहाटे काचीगुड्याच्या घरात रियाजाला बसायची, तेव्हा भिंतीपलीकडून मला हाच आवाज यायचा. डोळे पुसायला मी चष्मा काढला. चाचांनी पाहिलं नाही असं दाखवलं.

घरी आल्यावर नातवाला ऐकवला. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग त्यानं विचारलं, "आजोबा, गिटारीत झर्रर्र वाईट आणि यात चांगलं, हे त्या चाचांनी ठरवलं कसं?" मी म्हटलं, "ऐकून. आणि चुकलं की पुन्हा करून. तुझी गिटार ज्यांनी बनवली त्यांना ऐकायला वेळच दिला नसेल कुणी." तो म्हणाला, "पण आत पास लिहिलं होतं ना?"

तेव्हा मी त्याला त्या चाळीस शाफ्टची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच. सून चहा घेऊन दारात उभी होती, तिनंही ऐकली. नातवानं एकच विचारलं, "मग त्या दादाचं काय झालं?" मला त्याचं उत्तर देता आलं नाही. मी कधी शोधलंच नव्हतं.

आता शोधतोय. जुन्या दोन सहकाऱ्यांना फोन केले, एकाकडून गावाचं नाव मिळालं. तो मुलगा आता पन्नाशीला आला असेल. भेटला तर काय बोलायचं ते ठरलेलं नाही. "तू सांगितलं होतंस, मला माहीत होतं," एवढं तरी म्हणेन.

आपल्या मंडळातले कितीतरी जण कारखान्यांत, प्रयोगशाळांत, सॉफ्टवेअर कंपन्यांत शेवटची सही करणारे आहेत. तुमच्या टेबलापाशी येऊन एखादं पोरगं म्हणालं, "सर, इथं जास्त गेलं माझ्या हातून," तर त्याला काय उत्तर मिळतं, एवढं जरूर आठवून बघा. गिटारीच्या पोटातला तो कागद मी काढून माझ्या टेबलावर काचेखाली ठेवलाय. त्यावरची सही अजून मला लागलेली नाही. पण ती मला माझ्यासारखीच वाटते.